खांब कशात रोवायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत जमिनीत काहीतरी रोवल्याशिवाय कशाचीच सुरुवात होत नाही. लग्न ठरलं की मांडवाची मुहूर्तमेढ रोवायची. साखर कारखाना निघाला की वर्तमानपत्रात छापून येतं, अमुक साहेबांनी सहकाराची मुहूर्तमेढ रोवली. गावाकडचा पोरगा मुंबईत टिकला की आपण म्हणतो, त्यानं पाय रोवले. खळ्याच्या मधोमध जी मेढ असायची, जिच्याभोवती मळणीच्या बैलांची पात फिरायची, ती मळणी यंत्र आल्यावर गेली. भाषेतली मेढ मात्र अजून ताठ उभी आहे. मी स्वतः कवितेत हा शब्द किती वेळा वापरला असेल, त्याची मोजदाद नाही. पण मेढ रोवताना खड्ड्यात काय भरायचं असतं, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर येईपर्यंत माहीत नव्हतं. ते कसं कळलं, आणि त्यातून आमच्या नगर जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहण्याची एक वेगळी खिडकी कशी उघडली, ते आज सांगायचं आहे.

जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. एसटीत बसताना आमच्या तोंडून अजून ‘एक नगर द्या’ असंच निघतं. तर, या नगरच्या पश्चिमेला, हिवरे बाजारपासून एका डोंगराच्या अंतरावर आमचं गाव. अब्बांच्या माघारी माझ्या वाट्याला तिथली अकरा गुंठे जमीन आली. बी. ए. होऊन शहरात नोकरी केलेल्या माणसाला अकरा गुंठेही खूप वाटतात. चार झाडं लावावीत, एखादी खोली बांधावी असा बेत होता. त्यासाठी आधी कुंपण हवं. पंचावन्न बाभळीचे खांब घेतले, तार घेतली. गवंडी म्हणाला, ‘साहेब, खड्ड्यात सिमेंट-काँक्रीट ओता. जन्माचं काम होऊन जाईल.’ मलाही ते पटलं. सिमेंट म्हणजे पक्कं, माती म्हणजे कच्चं, असं आपल्या पिढीच्या डोक्यात बसलेलंच आहे. घर सिमेंटचं तो सुधारला, मातीचं तो मागासलेला. खांबांना तरी मातीत का ठेवायचं?

तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वारं सुटलं आणि सकाळी पाहतो तर दक्षिणेची सगळी बाजू आडवी. खांब मधून मोडले नव्हते. सगळेच्या सगळे जमिनीशी, एका रेषेत, जून गाजर मोडावं तसे मोडले होते. काँक्रीट मात्र ठणठणीत होतं. जमिनीत एकेक सिमेंटचा पेला बसवावा तसे ते गोल खड्डे राहिले होते, आणि प्रत्येक पेल्यात तळाशी काळपट पाणी आणि लाकडाचा चोथा.

आमच्या गावात सुतारकाम केलेले एक म्हातारे आण्णा होते. ते काठी टेकत बघायला आले. त्यांनी एका खड्ड्यात काठी घालून ढवळलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘आरं शायर, लाकूड पान्यानं न्हाई कुजत. आडकून बसलेल्या पान्यानं कुजतं. तू त्याला घागरीत उभं केलंस. मंग ते काय करील?’

आण्णांचं हे एक वाक्य मी पुढे पुस्तकांशी ताडून पाहिलं. शास्त्रही तेच सांगतं. लाकूड कुजवणारी जी बुरशी असते तिला दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. जमिनीच्या वर हवा भरपूर, पण लाकूड लवकर सुकतं. खूप खोल ओल असते, पण हवा कमी. दोन्ही एकदम मिळतात त्या जमिनीच्या पृष्ठाशी, वर-खाली वीतभर पट्ट्यात. म्हणून खांब नेहमी तिथेच मोडतो. आता सिमेंटचं काय होतं? ओतताना ते लाकडाला घट्ट बिलगतं. पण लाकूड जिवंत नसलं तरी हलत असतं. पावसात फुगतं, उन्हात आकसतं. पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आणि सिमेंट यांच्यात केसाएवढी फट पडते. पुढच्या पावसाचं पाणी त्या फटीतून आत उतरतं आणि मग त्याला बाहेर जायला वाटच नसते. वरून पक्कं, आतून कुजत चाललेलं. आपल्या डोळ्यांना दिसतं फक्त वरचं पक्केपण.

मग आण्णांनी मला खांब रोवायला शिकवलं. खड्डा रुंद नको, खोल हवा. खांबाच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. सहा फुटांचा खांब असेल तर दोन फूट खाली. खड्ड्याच्या तळाशी ओंजळ-दोन ओंजळी खडी, म्हणजे बुडाशी आलेलं पाणी खाली झिरपून जाईल. खांब ओळंब्यात धरायचा, भोवती हाताएवढे दगड पाचरीसारखे बसवायचे आणि मग मुरूम भरायचा. तोही एकदम नाही. चार बोटं मुरूम टाकायचा, पहारीच्या बोथट टोकानं कुटायचा, परत चार बोटं टाकायचा, परत कुटायचा. वर जमिनीशी आलं की मुरमाचा उतरता चौथरा करायचा, म्हणजे पाणी खांबाकडे न येता बाहेर पळेल. आण्णा म्हणायचे, मुरूम टाकायला एक माणूस आणि कुटायला दोन माणसं लागत असतील तरच काम बरोबर चाललंय. आपण करतो ते नेमकं उलट.

मुरूमच का? खड्ड्यातून निघालेली माती परत का नको? हा प्रश्न नगर जिल्ह्यात विचारायलाच हवा, कारण आमच्याकडे दोन्ही आहे. डोंगराच्या अंगाला मुरूम, ओढ्या-नदीच्या कडेला काळी. हा सगळा मुलूख बेसाल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. तो झिजून मुरूम होतो आणि आणखी झिजून काळी माती होते. काळी माती पिकाला आई आणि खांबाला वैरी. उन्हाळ्यात ती इतकी आकसते की भेगेत हात जावा. पावसाळ्यात फुगते. वर्षातून एकदा खांबाला आवळायचं आणि एकदा सैल सोडायचं, असं चाललं की पाच-सात वर्षांत चांगला खांबही कलतो. म्हणून काळ्या रानात घर बांधताना जाणते गवंडी पायाखालची काळी काढून मुरूम भरतात. मुरूम ना फुगतो ना आकसतो. तो कुटला की आवळून धरतो, आणि तरीही पाण्याला वाट देतो. धरून ठेवणं आणि वाट देणं या दोन गोष्टी एकाच वेळी करणारा असा पदार्थ आपल्या पायाखाली फुकट पडलेला असताना मी सिमेंटच्या गोण्या आणल्या होत्या.

दुसरा प्रश्न लाकडाचा. झाडाच्या खोडात दोन लाकडं असतात. बाहेरचं पांढरट, कोवळं, ज्यातून रस वाहतो ते. आणि मधलं तांबूस-काळपट, मुरलेलं, गाभ्याचं. वाळवीला आणि बुरशीला पांढरं लाकूड म्हणजे मेजवानी. टिकतो तो गाभाच. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यंच असतात. खैराचा, खानदेशातल्या अंजनाचा गाभाही दीर्घायुषी. बाभळीचा गाभा चांगला, पण त्यासाठी झाड जून हवं. मी विकत घेतलेले खांब मनगटाएवढ्या पोरवयाच्या बाभळींचे होते. त्यांत गाभा अंगठ्याएवढा आणि बाकी सगळं पांढरं. जुने सुतार बाभळीचं लाकूड कापल्यावर काही महिने डोहात बुडवून ठेवत. त्यातला गोडवा पाण्यात निघून गेला की भुंगा लागत नाही. औतं आणि गाड्या अशाच लाकडाच्या होत. आणि आमच्या भागातलं आणखी एक झाड म्हणजे हिवर. बाभळीचाच भाऊबंद, काटेरी, फिकट सालीचं, कमी पावसात तग धरणारं. हिवरे या नावातच ते झाड उभं आहे.

खांब टिकवण्याचे तोडगेही गावोगाव असतात. कुणी खालचं टोक जाळून काळं करतो. त्याचा फारसा उपयोग नाही, कारण वरचा पापुद्रा जळतो आणि भेगा पडून आत शिरायला उलट वाट होते. कुणी डांबर फासतो. बाजू डांबरून घेतल्या तर ठीक, पण ओलं लाकूड चहूबाजूंनी डांबरलं तर ओल आत कोंडते, म्हणजे परत आण्णांची घागर. कुणी गॅरेजमधलं काळं ऑइल लावतो. ते आत मुरत नाही आणि माती मात्र नासवतं.

याच प्रश्नावर जगानं केवढी खटपट केली आहे! रेल्वे आली आणि रुळांखाली लाकडी स्लीपर घालायची वेळ आली, तेव्हा लाकूड जमिनीत किती टिकतं हा सरकारांचा आणि कंपन्यांचा प्रश्न झाला. १८३८ मध्ये इंग्लंडात जॉन बेथेल यानं दाब देऊन लाकडात क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं तेल, मुरवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बुशेरी नावाच्या वैद्यानं ओल्या झाडाच्या रसाच्याच वाटेनं मोरचुदाचं पाणी आत शिरवण्याची युक्ती काढली. आमचे द्राक्षवाले ज्या मोरचुदाची फवारणी करतात तोच हा मोरचूद. आणि या इतिहासात एक भारतीय नावही आहे, जे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण तयार केलं. लाकडात ते एकदा मुरलं की पावसानं सहसा धुऊन जात नाही. पुढे निम्म्या शतकाहून अधिक काळ अमेरिकेतल्या कुंपणांचे आणि अंगणांचे हिरवट खांब या डेहराडूनच्या शोधावर उभे राहिले. पण आर्सेनिक ते आर्सेनिकच. थोडं का होईना मातीत उतरतं, म्हणून २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड करणं कारखानदारांनी थांबवलं. खांब वाचवायचा आणि माती नासवायची, हा सौदा शेवटी परवडत नाही.

आता कुंपणाच्या इतिहासाकडे येऊ. आपल्या जुन्या लोकांनी एक भेद फार नेमका केला होता. जे हलता कामा नये ते दगडाचं, आणि जे दरसाल करायचं ते लाकडाचं. गावाच्या शिवेवर दगड. इंग्रजांनीही तेच उचललं. १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतांची मोजणी सुरू केली. तिथून सर्व्हे नंबर नावाची चीज आपल्या आयुष्यात आली. त्या नंबरांच्या हद्दी दगडांनी आणि मातीच्या उंचवट्यांनी दाखवल्या. हद्दीची खूण हलवणं आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे गुन्हा आहे. लाकडाची खूण कायद्यानं कशी मानावी? ती तर वाळवीच हलवते. शेतकऱ्याची वई मात्र वेगळी. बोरी-बाभळीच्या फांद्या, फास आत करून रचलेल्या, मध्येमध्ये चार खुंट. ती पीक निघेपर्यंत टिकली की झालं. पुढच्या साली तिची चुलीत रवानगी.

हीच वई एकदा सरकारनं बांधायला घेतली, तेव्हा काय झालं ते मोठं उद्बोधक आहे. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी उत्तरेत सिंधू नदीपासून पार मध्य प्रांतापर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. १८६९ च्या सुमाराला ती सुमारे २३०० मैल लांब होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहारा देत. तिच्यातला बराच भाग काटेरी कुंपणाचा होता आणि त्याचं एक टोक आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरपर्यंत येत होतं. या रेषेचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. आधी वाळक्या काट्यांचं कुंपण घालून पाहिलं. मैलामागे सुमारे अडीचशे टन काटे लागत. वाळवी खाई, उंदीर पोखरत, आग लागे, वादळ उडवून नेई. दरसाल नवे काटे. ह्यूम यांनी हिशेब केला आणि वाळक्या काट्यांच्या जागी जिवंत कुंपण वाढवायला घेतलं. जिथे जी माती तिथे तिला मानवणारं झाड लावलं. कुठे बोर, कुठे बाभूळ, कुठे करवंद, कुठे निवडुंग. झाडांसाठी चर खणले, चांगली माती आणून भरली, पाणी साचू नये अशी तजवीज केली. कुंपण उभं राहिलं. पण ते ज्या कामासाठी होतं ते काम, म्हणजे गरिबाच्या भाकरीवरच्या मिठाला अडवणं, मुळातच अन्यायाचं. १८७९ मध्ये रेषा रद्द झाली आणि तेवढं मोठं कुंपण लोक असे विसरले की जणू ते नव्हतंच. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकानं ते शोधत भारतभर वणवण केली आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्याची परत आठवण झाली. म्हणजे नुसतं साहित्य चांगलं असून भागत नाही. कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ते मान्य असावं लागतं.

इथे मला आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आतापर्यंत मी कुंपणाच्या आतल्या बाजूनं बोलत होतो. लहानपणी मी बाहेरच्या बाजूला होतो. अम्मीच्या चार शेळ्या होत्या. शेळी ही गरिबाची गाय. अब्बांची मजुरी कधी असे, कधी नसे. दूध आणि बकरी ईदच्या आधी विकलेला बोकड, यांवर आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. शाळा सुटली की शेळ्या घेऊन डोंगर. आणि डोंगरावर काय होतं? काहीच नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात मी वर्षभराचा होतो. त्या सालात अम्मी-अब्बा दोघंही खडी फोडायला जात. मोठी माणसं सांगत की दुष्काळाआधीच डोंगर विरळ झाला होता आणि दुष्काळानं तो साफ केला. चुलीला लाकूड, विकायला लाकूड, आणि वईला लाकूड.

वईचा हिशेब कुणी मांडत नाही. एक एकराचं चौकोनी रान धरा. चारही बाजू मिळून सुमारे ८३५ फूट. आठ-आठ फुटांवर खुंट रोवला तर शंभराच्या वर खुंट. तीन सालांत कुजले, तर एकरामागे दरसाल पस्तीस नवे. जून झाड मिळेनासं झालं की मनगटाएवढं तोडायचं. कोवळं लाकूड आणखी लवकर कुजतं, म्हणून आणखी तोडायचं. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं. आमच्याकडे कुंपणानं आधी डोंगर खाल्ला. आणि डोंगर उघडा पडल्यावर पावसाचं पाणी माती घेऊन पळालं, विहिरी आटल्या, आणि शेतात राखण्यासारखं पीक उरलं नाही. तरी आमच्या शेळ्या उरल्यासुरल्या कोंबांवर तोंड मारतच होत्या. पुढे आमच्या डोंगराच्या पायथ्याला रोपं लावली गेली, त्यांना खांब आणि काटेरी तार झाली. दोन उन्हाळ्यांत खांब चुलीत गेले आणि रोपं शेळ्यांच्या पोटात. त्या शेळ्यांत आमच्याही होत्या. मी ते लपवत नाही. पोटाला लागलेल्या माणसाला अडवलं आणि दुसरी वाट दिली नाही, तर तो खांब उपटणारच.

आणि इथे एका डोंगरापलीकडचं हिवरे बाजार येतं. १९७२ नंतर त्या गावाची गत आमच्याहून वाईट होती. पाऊस साडेतीनशे-चारशे मिलिमीटरच्या आसपास. माणसं मुंबई-पुण्याला पांगलेली, दारूच्या भट्ट्या, भांडणं. सरकारी नोकराला तिथे बदली म्हणजे शिक्षा वाटायची. १९८९ मध्ये गावानं एम. कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं. पुढचा इतिहास आता देशभर माहीत आहे. १९९४ पासून आदर्श गाव योजनेतून डोंगरावर समतल चर खणले, नाल्यांना बांध घातले, झाडं लावली. १९९५ च्या पाहणीत १८२ पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती बोटांवर मोजण्याइतकी राहिली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

मला कुतूहल होतं ते एकाच गोष्टीचं. तो डोंगर राखला कशानं? सगळ्या डोंगराला खांब रोवून तार मारायची म्हटली तर कुठलं गाव ते करू शकेल? लाकूड कुठून आणणार? आणि आणलं तरी आमच्या गावासारखं ते चुलीत जाणार नाही कशावरून? हिवरे बाजारनं ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या काळात नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री रुजली होती, तिचाच हा वारसा. पुढे हिवरे बाजारनं त्यात पाण्याचेही नियम घातले. शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखी पाणीखाऊ पिकं नाहीत, आणि दरसाल पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा.

बंदी हा शब्द ऐकला की माझ्यातला शेळीवाला पोरगा आजही सावध होतो. चराईबंदीचा पहिला भार कुणावर पडतो? ज्याच्याकडे रान नाही आणि दावणीला शेळी आहे, त्याच्यावर. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पहिल्यांदा हिवरे बाजारला गेलो तो थोडा आकसानंच. नगर-कल्याण रस्त्यावरून आत वळलो. त्या गावात एकच मुस्लिम कुटुंब आहे आणि गावानं त्याच्यासाठी मशीद बांधली आहे, याबद्दल पुष्कळ जण लिहितात. मला त्याचा आनंदच आहे. पण मी मशीद पाहायला गेलो नव्हतो. मला डोंगर पाहायचा होता. डोंगरावर कमरेएवढं गवत होतं, आणि बायाबापड्या विळ्यानं ते कापून भारे बांधत होत्या.

तो देखावा मी विसरलो नाही, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा, माझे खांब मोडल्यावर कळला. त्या गावानं डोंगर दातांना बंद केला होता, विळ्याला नाही. जनावर डोंगरावर जाणार नाही, पण डोंगराचा चारा जनावराकडे येईल. शेळी रोपाचा शेंडा खुडते, गाय खुरांनी माती उकरते. विळा गवत वरच्यावर कापतो आणि मूळ तसंच ठेवतो. चारा घरी आला तसं दुभतं जनावर परवडू लागलं. नव्वदच्या दशकात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं गावाचं दूध पुढे काही हजार लिटरांवर गेलं. बंदी घातली, आणि त्याच बंदीतून पाणी निघून जायला वाट ठेवली. आण्णांच्या भाषेत सांगायचं तर, खांब घागरीत उभा केला नाही. मुरमात रोवला. घट्ट कुटला, थरावर थर दिला, दरसाल ग्रामसभेत परत पहार मारली, पण कोंडमारा होऊ दिला नाही.

आमच्या गावातल्या कुंपणाला हेच नव्हतं. वरून आलेला हुकूम सिमेंटसारखा ओतला होता. दिसायला पक्का. अम्मीनं शेळ्या कुठे न्यायच्या, याचं उत्तर त्यात नव्हतं. मग ते आतून कुजलं आणि एका उन्हाळ्यात जमिनीशी मोडलं. दोष आमच्या शेळ्यांचाही होता. पण अम्मीच्या हातात त्या वेळी कुणी विळा दिला असता, तर तिनं भारा वाहायला नाही म्हटलं नसतं. ती खडी फोडून आलेली बाई होती. हे मला तिच्या हयातीत तिला सांगता आलं नाही.

माझ्या कुंपणाचं पुढे काय झालं? सिमेंटचे पेले पहारीनं फोडून काढायला चार दिवस लागले. मोडलेल्या बाजूला जून गाभ्याचे खांब मुरमात रोवले. आण्णा बांधावर बसून होते. माझा हात थांबला की काठी आपटायचे आणि म्हणायचे, ‘कूट, अजून कूट.’ उरलेल्या बाजूंना गिरिपुष्पाचे ओले दांडे लावले. ते पावसाळ्यात फुटले आणि आता तेच खांब आहेत. त्यांना वाळवी लागत नाही, कारण ते मेलेलेच नाहीत. त्यांचा पाला शेजारची बाई शेळ्यांसाठी विळ्यानं कापून नेते. तिच्यासाठी एका बाजूला फाटक ठेवलं आहे.

आण्णा आता नाहीत. त्यांनी कुटून घेतलेले खांब उभे आहेत. पावसाळा संपला की मी प्रत्येक खांब हातानं हलवून बघतो आणि भोवतीचा मुरूम खचला असेल तिथे घमेलंभर टाकून परत कुटतो. आणि वर्तमानपत्रात कुणीतरी कशाची तरी मुहूर्तमेढ रोवल्याची बातमी वाचली, की आताशा मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, खड्ड्यात काय भरलं, आणि पाण्याला वाट कुठून ठेवली?